मंजुळाच्या खोलीतला मावा

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ सगळ्यात आधी बोलायला हवं होतं त्या मॅडमजवळ तर नाहीच. लिहायला बसले की हात भलतंच लिहायला लागतो — कुंड्यांना पाणी कधी घातलं, चवळी कधी पेरली. नोंदवहीची सवय लागलीय ना. पण ही गोष्ट नोंदवहीत बसत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसापुढे सांगण्याइतका धीर माझ्यात असता, तर सांगायची वेळच आली नसती.

आधी मॅडमबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही.

मी किनवटकडची. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे — मीच जायचं बंद केलं, आणि कुणी ओरडलं नाही. पुढे मजुरांच्या टोळीबरोबर नाशकात आले, द्राक्षाच्या विरळणीला. दिंडोरीकडच्या एका बागेत आम्ही होतो, तिथे एक बाई आल्या. डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. वेलीवरचा पिठ्या ढेकूण शोधत होत्या आणि त्यांना तो पानांवर सापडत नव्हता. मी जवळच होते. खोडाची सुटलेली साल नखाने उचलून दाखवली — हे बघा, इथे लपतोय. त्यांनी विचारलं, किती शिकलात? मी मान खाली घालून म्हटलं, आठवी. त्या म्हणाल्या, “ते राहू द्या. डोळे चांगले आहेत तुमचे.”

माझ्या आयुष्यात कुणी मला ‘तुम्ही’ म्हणायची ती पहिली वेळ. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही कदाचित. मला ती सगळी दुपार तो एकच शब्द ऐकू येत होता.

टोळी गेली, मी राहिले. मॅडमनी मला त्यांच्या संस्थेत कामाला लावून घेतलं. पिकांवरच्या किडीचा अभ्यास करतात ती जागा — शहराबाहेर, काचेच्या आणि जाळीच्या खोल्या, आत कुंड्या. इंदिरानगरात मागच्या बाजूला मला खोली बघून दिली ती त्यांनीच. डेंगू झाला तेव्हा दवाखान्यात त्याच आल्या, डब्यात मऊ भात घेऊन. इथे माझं दुसरं कोण होतं? घर म्हणजे एक रात्र आणि अर्ध्या दिवसाचा प्रवास. रोज सकाळी द्वारकेच्या चौकात रिक्षा बदलताना मला वाटायचं — आज सांगतील, उद्यापासून येऊ नका. कशावरून वाटायचं? काही कारण नव्हतं. ज्याला फुकट काही मिळालंय असं वाटतं, त्याला ते जाईल असंही वाटतच राहतं.

माझं काम होतं मावा पाळायचं. मावा म्हणजे पिकाचा रस शोषणारी ती बारीक काळी कीड, शेंड्यांवर थव्याने बसते ती. भावाला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला — लोक मावा खातात, तू पाळायलीस. पण काम सोपं नव्हतं. चवळीच्या रोपांवर मावा वाढवायचा, त्यातली एका वयाची पिल्लं निवडायची, बारीक ओल्या ब्रशने एकेक उचलायची आणि ज्या रोपाची परीक्षा घ्यायची त्याच्यावर दहा-दहा सोडायची. मग वरून जाळीची पिशवी, आणि रोज भिंगातून मोजणी. किती जगली, किती मेली, किती व्याली.

सुरुवातीला माझी पिल्लं मरायची. सोडली की दुसऱ्या दिवशी सुकून पडलेली. मला रडू यायचं. मग एकदा मायक्रोस्कोपखाली धरून बघितलं तेव्हा कळलं. मावा रस पितो तेव्हा त्याची केसासारखी सोंड पानात खोल रुतलेली असते. तसाच उचलला तर सोंड तुटते. वरून किडा धड दिसतो, चालतोसुद्धा. पण त्याला पुन्हा पिता येत नाही. उपाशी मरतो. म्हणून आधी ब्रशच्या एका केसाने त्याच्या पाठीला हलकेच दोनदा शिवायचं आणि थांबायचं. तो सोंड काढून घेतो, मिशा हलवतो, चालायला लागतो. मग उचलायचा. एवढंच. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तसं मॅडमच्या पुस्तकात असेलही कुठेतरी, पण आमच्या कामाच्या कागदावर फक्त ‘हलक्या हाताने उचलावे’ असं लिहिलेलं होतं. माझी पिल्लं जगायला लागली आणि मॅडम सगळ्यांना सांगायच्या, निर्मलाताईंचा हात चांगला आहे. हातामागे काय आहे ते मी सांगितलं नाही. का सांगू? माझ्याकडे तेवढंच तर होतं.

तीन वर्षं अशी गेली. मग हरभरा आला.

मॅडमनी मला समजावून सांगितलं होतं, माझ्या भाषेत. लसणाच्या पानात एक प्रथिन असतं, त्याला लेक्टिन म्हणतात. मावा रस पितो त्या रसात ते असलं तर त्याच्या आतड्याला जाऊन चिकटतं आणि अन्न अंगी लागू देत नाही. त्या लेक्टिनचा जीन त्यांनी हरभऱ्यात घातला होता. म्हणजे औषध न फवारता झाडच आपलं आपण मावा आवरेल. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली — लेक्टिनने मावा पटकन मरत नाही. तो खंगतो, पिल्लं कमी घालतो. घाईने काही दिसणार नाही, धीर धरायचा. हे दोनदा सांगितलेलं लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

ती बदललेली रोपं वेगळ्या खोलीत ठेवायची असतात. दोन दरवाजे, वेगळा कोट, वेगळ्या चपला, काम झालं की रोपं जाळून टाकायची. आणि एका दिवशी एकाच माणसाने दोन्ही खोल्यांत जायचं नाही, कारण अंगावरून मावा इकडचा तिकडे जातो. म्हणजे आणखी एक हात लागणार होता. साध्या हरभऱ्याची खोली माझ्याकडे राहिली. नव्या खोलीसाठी मॅडमनी मंजुळाला आणलं.

मंजुळा सुरगाण्याकडची. नागलीची म्हणजे नाचणीची आणि भाताची शेती, डोंगरातलं गाव. शाळा नववीपर्यंत. माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त — बघा, हे मला अजून आठवतं. वयाने मात्र माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, “निर्मलाताई, तुम्हाला येतं ते सगळं हिला शिकवा.” मी हो म्हटलं.

तिचं काय खुपलं मला? काहीच वाईट नव्हतं तिच्यात, तेच खुपलं. ती घाबरायची नाही. मॅडम आल्या की मी हातातलं काम ठेवून उभी राहायचे. ती काम करता करताच बोलायची. मी ‘काय करायलीस गं’ म्हटलं की माझीच नक्कल करून ‘काही नाय करायले, ताई’ म्हणायची, आणि मला हसू यायचं, आणि हसू आलं याचाच राग यायचा.

एक दिवस मॅडम आम्हा दोघींना त्या लसणाच्या जीनबद्दल पुन्हा सांगत होत्या. मंजुळाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, मग ह्या हरभऱ्याची भाजी केली तं फोडणीला लसूण नको ना?” मॅडम इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. दिवसभर ज्याला त्याला सांगत होत्या. मी तीन वर्षं तिथे होते. तीन वर्षांत मी त्यांना एकदा तरी तसं हसवलं होतं का? मला हसवायचं सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, चूक झाली नाही म्हणजे झालं.

आणि तिला त्या ‘मंजू’ म्हणायच्या. ‘मंजू, तू जेवलीस का.’ मला निर्मलाताई, तुम्ही. ज्या ‘तुम्ही’वर मी सगळी दुपार तरंगले होते ना, तोच आता मला दारातल्या पायपुसण्यासारखा वाटायला लागला. पाय पुसा आणि बाहेर थांबा. मॅडम तिच्या डब्यातली नागलीची भाकरी मागून घ्यायच्या. मी तर माझा डबा त्यांच्यापुढे कधी उघडलाही नव्हता, बरा दिसणार नाही म्हणून. एकदा तिचं भिंग पडून फुटलं, तर मॅडमनी स्वतःच्या गळ्यातलं काढून तिच्या गळ्यात घातलं. ते, दिंडोरीच्या बागेतलं. मी जाळीपलीकडून बघत होते. हातातल्या ब्रशचा केस वाकला तरी मला कळलं नाही.

शिकवलं मी तिला. सगळं शिकवलं — चवळी पेरायची कशी, दरवाजे लावायचे कसे, एका वयाची पिल्लं ओळखायची कशी, ब्रश किती ओला हवा. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबीने बोटं चुरचुरतात तर आधी काय लावायचं, तेसुद्धा. फक्त ते पाठीला शिवून थांबायचं — ते सांगितलं नाही. मला काय हवं होतं ते अगदी साफ सांगते. तिची पिल्लं मरावीत, मॅडमनी कपाळाला आठ्या घालाव्यात, म्हणावं की मंजूचा हात काही बसत नाही, निर्मलाताईच बऱ्या. तिला हाकलावं असंही नव्हतं मनात. नुसतं तिने जरा खाली यावं.

पिल्लं मेली. मॅडम खूश झाल्या.

तुमच्या आधीच लक्षात आलं असेल, माझ्या आलं नव्हतं. तिच्या खोलीत रोपं कुठली होती? लेक्टिनची. त्या रोपांवर मावा मरावा म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. माझ्या खोलीत साध्या हरभऱ्यावर मावा फोफावत होता आणि तिच्या खोलीत तिसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त मेलेला. मॅडम मोजणी बघून खुर्चीत बसल्या. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. त्यांना इतकं अपेक्षितच नव्हतं. म्हणाल्या, ही ओळ, म्हणजे जीन घातलेल्या हरभऱ्याचा हा वाण, फारच जोरदार निघाली. बाहेर जाऊन पेढे घेऊन आल्या आणि पहिला पेढा मंजुळाच्या हातावर ठेवला. दुसरा माझ्या.

मी तो खाल्ला. मला माहीत होतं. लेक्टिनने असं तिसऱ्या दिवशी मरत नाही, हे त्यांनीच मला दोनदा सांगितलं होतं. पण माणसाला हवं ते समोर आलं की तो आधी कुठे तपासतो? आणि मी तेव्हा बोलायला हवं होतं — त्या पेढ्याच्या दिवशी. तेव्हा फार काही बिघडलं नसतं. पण माझ्या मनात काय होतं सांगू? एवढंच होतं की मंजुळाला आधी दिला. मी खड्डा खणला आणि तिथे तिच्यासाठी पाणी लागलं, असं काहीतरी झालं होतं. मी जळत होते. दुसरा विचार करायला जागाच नव्हती.

पुढचे काही महिने ती मजेत कुणालाही सांगायची, “माझ्या खोलीत मावा टिकतच नाय.” मॅडमनी तिला मायक्रोस्कोपवर बसवलं. पाहुणे आले की तिला पुढे करायच्या. मी मागे, चवळीच्या ट्रेजवळ.

मग मॅडमनी त्या ओळीचं बी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाठवलं, त्यांनीही करून बघावं म्हणून. त्यांचं उत्तर आलं — मावा मरत नाही. थोडा कमी वाढतो, पिल्लं कमी घालतो. तुमच्यासारखं आमच्याकडे काही दिसलं नाही. मॅडमनी तोवर मोठ्या बैठकीत सगळं सांगून टाकलेलं होतं. त्या दोन दिवस जुन्या मोजणीच्या वह्या काढून बसल्या. तिसऱ्या दिवशी वरच्या साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. साहेबांनी शोध लावला होता. भांडारात बाहेरच्या झाडांसाठी कीटकनाशकाची बाटली असते. त्या पोरीने कौतुकासाठी रोपांवर फवारलं असणार. दुसरं काय?

मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. मंजुळा रडत नव्हती, गोंधळली होती. “मॅडम, मी काय कशाला फवारू? मला त्या बाटलीचं झाकण पण नाय माहीत.” मॅडम तिच्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, निर्मलाताई, तुम्ही हिला सगळं नीट शिकवलं होतं ना? काही राहिलं नव्हतं ना?

मी म्हटलं, सगळं शिकवलं होतं मॅडम.

मग त्यांनी विचारलं, हिला कधी काही फवारताना बघितलंत? आणि मी — हे वाक्य मी आजवर हजार वेळा परत म्हणून बघितलंय — मी म्हटलं, “मला काय माहीत मॅडम. मी त्या खोलीत जात नाही.” शब्द न् शब्द खरा. नाही बघितलं असं म्हणता आलं असतं. ती तसं करणार नाही असंही म्हणता आलं असतं. मी ते मधलं, अर्धं उघडं दार ठेवलं आणि त्यातून त्यांनी जे आत घ्यायचं ते घेतलं.

दोन-तीन दिवसांत खरं कळलं असतं. तिला म्हणायचं होतं, ह्या साध्या हरभऱ्यावर दहा पिल्लं सोडून दाखव. मेली असती, आणि लेक्टिनचा काही संबंध नाही, फवाऱ्याचाही नाही, हे सगळ्यांना दिसलं असतं. मी तो आठवडाभर भीत होते की हे कुणाला तरी सुचेल. कुणाला सुचलं नाही. आणि तिला काढल्यावर दोन्ही खोल्या माझ्याकडे आल्या, एक दिवस ही, एक दिवस ती. मी लेक्टिनच्या रोपांवर माझ्या हाताने पिल्लं सोडली. ती जगली. झालं — साहेब म्हणाले, बघा, ती गेली आणि मावा मरायचा थांबला. माझा चांगला हात तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहिला.

पुढे मॅडमना खरा निकाल मिळाला. मावा खंगतो, पिल्लं निम्म्यावर येतात, हळूहळू. त्यांनी आधी सांगितलं होतं तसंच. त्यांचं काम छापून आलं, शेवटी आभारात माझं नाव आहे. इंग्रजीत आहे, पण माझं नाव मला ओळखू येतं.

मंजुळा गेली त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले. का गेले? चांगलं दिसावं म्हणून गेले असेन. तिने कोट घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “तू तं मला नीट शिकवलं, ताई. माझाच हात जड असंल.” फवारल्याचा आळ होता तिच्यावर, आणि ती आपल्या हाताला दोष देत होती. तिला आतून कुठेतरी कळत होतं की काहीतरी हातातच आहे. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं होतं, झालं. पण झालेलं नाही. वर मी लिहिलंय की सांगितलं नाही. वर्षानुवर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले — शिकवताना एक गोष्ट राहून गेली, मुद्दाम राहिली असेल, पण राहिली. हे खोटं आहे.

तिने विचारलं होतं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, चवळीच्या रोपावर शिकताना. तिने ब्रश टेकवला, उचलायला गेली आणि थांबली. माझ्यासारखे महिने नाही लागले तिला, तिच्या बोटांना लगेच कळलं. म्हणाली, “ताई, हे अडकल्यासारखं लागतंय. वढू का? का थांबू जरा?” बघा, थांबायचं तिचं तिलाच सुचलं होतं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मला त्या क्षणी ते स्वच्छ दिसलं, आणि मी म्हटलं, “ओढ. काही होत नाही.”

तिने ओढलं. पुढे रोज ओढत राहिली, मी सांगितलं म्हणून.

मागच्या थंडीत आम्ही कळवणकडे गेलो होतो, मॅडम आणि मी. पाळलेला मावा दरसाल जरा मरगळतो, म्हणून शेतातून नवा आणायचा असतो. मॅडम रस्त्याला गाडीत फोनवर बोलत बसल्या, मी डब्या घेऊन एका वालाच्या शेतात उतरले. तिथे शेंगा तोडणाऱ्या बायकांत मंजुळा होती. तिनेच मला ओळखलं. लग्न होऊन तिथे आलेली. अंगाने भरलीय. शेजारच्या बाईला म्हणाली, “ही माझी ताई. हिनं मला मायक्रोस्कोप शिकवला.” आणि सगळ्या बायका माझ्याकडे आदराने बघायला लागल्या. खोटं कशाला बोलू — तेव्हाही मला तिचा हेवा वाटला. ती तिच्या माणसांत होती, तिच्या बोलीत बोलत होती, तिला कुणाची भीती नव्हती. माझी अजूनही रोज सकाळी द्वारकेला धाकधूक होते.

मग तिने हळूच विचारलं, “मॅडम अजून रागवल्यात का गं माझ्यावर?” मी म्हटलं, नाही, विसरल्या. तिची नजर माझ्या मागे गेली, रस्त्याकडे. गाडी तिने ओळखली होती. “त्याच हायेत ना? येऊ का? नुसतं बोलून जाते. फवारलं नव्हतं एवढंच सांगते, बाकी काय नाय.”

मी म्हटलं, फोनवर आहेत गं, फार घाईत आहेत. पुन्हा कधी.

ती बरं म्हणाली. पदराने हात पुसत उभी राहिली. मी डब्या भरल्या आणि बांधाने परत आले. मॅडमचा फोन संपलेला होता. काच खाली करून त्या शेताकडे बघत होत्या. म्हणाल्या, ती हात करतेय कोण, ओळखीची आहे का?

मी म्हटलं, शेतातली बाई आहे. नाव मला माहीत होतं. मी घेतलं नाही.